उणे तीन छेद चार

किकिंडा, २९ ऑगस्ट

यागोदाताई,

मी मजेत, आई मजेत, कुत्रा लठ्ठ झालाय. तुझ्या त्या ग्रात्सची माणसं हसायला शिकली का अजून?

आता बस खाली. मी फेरपरीक्षेत पास झालो! पुन्हा त्याच बाकावर वर्षभर सडणं टळलं.

तेशिचबाईंनी फळ्यावर घातलं : क्षचा घातांक उणे तीन छेद चार, बरोबर एक छेद आठ. माझ्या आधी मिलोराड उभा. त्यानं बिनधास्त ठोकलं, "उणे सोळा!" बाई म्हणाल्या, "वरचं उणं खाली उतरून तुला चावलं का रे?" मी फिस्सकन हसलो.

"दात काढतोस? ये, तू सोडव."

मेलो म्हटलं. पण तू फोनवर ओरडायचीस ना, 'घातांकात उणं दिसलं की रडू नकोस, पालथं घाल!' घातलं पालथं. क्षचा घातांक तीन छेद चार, बरोबर आठ. मग दोन्हीकडे चार छेद तीन चढवला. आठाचं घनमूळ दोन, दोनाचा चौथा घात सोळा. उणंबिणं काही नाही, नुसते सोळा. वर परत घालून ताळाही पाहिला.

बाई चष्म्यावरून बघतात. "हे डोकं कुणाचं?"

"ताईचं. आज माझ्या मानेवर आहे."

पाचापैकी दोन गुण दिले. काठावर, पण पास!

आता दुसरं. बाबा म्हणाले होते, पास झालास तर मागशील ते देईन. त्यांना वाटलं, मी मोपेड मागणार. काल अंगणात सगळे भाजलेल्या मिरच्या सोलत होतो, तेव्हा म्हटलं, "मित्रोव्दानच्या सणाला ताई घरी हवी."

आईचे हात थांबले. तू न विचारता गेलीस तेव्हापासून बाबा तुझं नाव घेत नाहीत, तुला माहीतच आहे.

"मोपेड माग."

"नको."

"नवीकोरी घेतो."

"नको."

"गाढव आहेस." मग तीनचार मिरच्या सोलल्या, आणि मिरचीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "आपल्या संताच्या दिवशी कुणाला आमंत्रण धाडायची रीत नाही. ज्याला यायचं तो येतो. दार उघडंच असतं."

नाव अजूनही घेतलं नाही, ताई. पण आईनं विचारलं, पाहुण्यांसाठी गहू किती शिजवू, तर म्हणाले, "एक ताट जास्त धर."

आठ नोव्हेंबर. मी बसस्टँडवर उभा असेन.

मोपेडवर पाणी सोडलेला,
तुझा वुकाशिन