वाटेवरची राय कुणाची

शनिवार, २ मार्च
ठरलं! गावातल्या सगळ्या राय — आमचा दगडी पैसा — नोंदवायच्या. सुरुवात आमच्या दगडापासून. नाचाच्या मैदानाकडे जाताना वाटेवर उभा आहे तो — माणसाहून उंच, मधे भोक, एका अंगाला शेवाळ. पणजोबांनी पलाऊ बेटाहून तराफ्यावर आणला. येताना त्यांचा भाऊ बुडाला. म्हणून त्याला एवढं मोल.
बाबा थकलेत. ते गेले की काका म्हणणार, दगड माझा. म्हणू दे! ग्वामच्या हॉटेलात चादरी बदलून पोरगा एकटीनं वाढवलाय मी. काकाला भिते होय!

सोमवार, ४ मार्च
फाल्मेदचा ग्वामहून फोन. राय कॉम्प्युटरात नोंदवायचं हे खूळ माझ्या या लेकाचंच. पगार झाला की थोडी डिजिटल नाणी घेतो. म्हणे, "आई, ते नाणं कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. कुणाचं कुणाकडे गेलं, ते हजारो कॉम्प्युटरांना पाठ असतं. सगळे हो म्हणाले की झालं. आपल्या रायचं तरी वेगळं काय आहे?"
बाबांना सांगितलं. सुपारीवर चुना घालता घालता खो खो हसले. "जागचं न हलवता देता येतं, हे त्यांना आत्ता कळलं होय!"
मग त्यांनीच विचारलं, "आणि एकदा लिहिलेलं पुसता येतं?"
"नाही."
हसायचे थांबले. सुपारी तशीच हातात.

बुधवार, ६ मार्च
फाल्मेदची अट — घराबाहेरचे दोन साक्षीदार हवेत. सोपं वाटलं होतं! गोफालानदादांकडे गेले. प्रत्येक दगडाची कहाणी त्यांना तोंडपाठ. तराफा, वादळ, बुडालेला भाऊ — हातवारे करून सगळं सांगितलं. म्हटलं, "आता एवढंच म्हणा, दगड माझ्या बाबांचा, फनेवायच्या घरचा." तर म्हणे, जाळं ओढायला उशीर झाला! गेलेच उठून. भरती होती. भरतीला कसलं जाळं ओढतात?

गुरुवार, ७ मार्च
आणखी तिघं. एकाची दाढ दुखते, एकाला पाहुणे, एकीला "आठवत नाही." आठवत नाही! मी जन्मले त्या दिवशी कुणाच्या होडीला कुठला मासा लागला, ते हिला आठवतं.
पण मी सोडणारी नाही.

शनिवार, ९ मार्च
गिसोगमावशीला अळूच्या खाचरात गाठलं. गुडघाभर चिखलातून पळणार कुठं?
"बाथिन, मला खोटं बोलायला नको लावूस गं."
"खोटं कसलं?"
"दगड रुवेपिनकडे गेला ना कधीच."
रुवेपिन! माझा सासरा. त्याच्याच घरातून तान्हं पोर कडेवर घेऊन निघाले होते मी — नवऱ्याचा मार खाऊन.
"आणि मला कुणी बोललं नाही?"
"तुझ्या बापानं गप्प राहा म्हटलं, राहिलो. तुझं ते यंत्र विचारलं की सांगून मोकळं होतं ना? आम्ही नाही तसे."
अख्ख्या गावाला ठाऊक! मी ग्वामला असताना म्हाताऱ्यानं बाबांना गाठून दगड लाटला. नक्की. सोमवारी त्याच्या गावी, गागिलला जाणार, आणि परत घेऊन येणार.

सोमवार, ११ मार्च
वाटभर भांडणाची तालीम केली. रुवेपिन वाकलाय आता. "बस," म्हणाला आणि पान पुढे केलं. मी घेतलं नाही.
"दगड माझा आहे. तू नोंदव, नाहीतर नको नोंदवूस."
त्यानं आवाज चढवला नाही. मग एकदम — "पोरगा उंच झाला का? आमच्यात सगळे उंच."
झाला, म्हटलं. तालमीतलं एकही वाक्य आठवेना.
आमच्याकडे पोर बापाच्या घरचं. तरी ही माणसं एवढ्या वर्षांत त्याला न्यायला आली नाहीत. मला वाटायचं, माझ्या तोंडाला भ्याली!
निघताना म्हणाला, "दगडाचं तुझ्या बापाला विचार. त्यानं सांगायचं, मी नाही."
विचारणार. बाबा रडले-भेकले तरी विचारणार.

मंगळवार, १२ मार्च
विचारलं. बाबा म्हणाले, "तुझं विमान सुटायच्या आधी ते पोराला न्यायला आले होते. मी राय दिली. ते परत गेले."
"मला का नाही सांगितलंत?"
"सांगितलं असतं, तर दगड वाचवायला तू परत नांदायला गेली असतीस."
गेले असते.
फाल्मेदला फोन लावला. म्हटलं, नोंद घे — दगड रुवेपिनच्या घरचा.
"त्यांना का दिला आजोबांनी?"
"तुझ्यासाठी."