तुझ्या वतीनं मानलेले उपकार

आई, परवा शिनोलीवरून गेले. एसटी थांबली तेव्हा खिडकीतून उपकेंद्राची इमारत दिसली, आता तिला नवा रंग दिलाय. तू तिथं नर्स होतीस, आणि मागच्या दोन खोल्यांत आपण तिघं राहायचो, बाबा गेल्यावर दोघीच. मी उतरले नाही. पण तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी दुसऱ्या कुणाशी बोलून ते भागत नाही.

बाबा गेले त्या वर्षीचा हंगामाचा सण. मी नववीत होते. काविळीनं ते आठ दिवसांत गेले, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. जुन्नरच्या चर्चमध्ये त्या रविवारी लोक आपापल्या शेतातलं पहिलं पीक आणून देवाचे उपकार मानायचे. आपल्याला शेत नव्हतं. वाड्यावस्त्यांवर चालत जाऊन तू ज्यांची बाळंतपणं केलीस, त्या घरांनी दिलेली नाचणी, वालाच्या शेंगा नि एक दुधी तू पाटीत भरलास आणि इस्त्रीची साडी नेसून निघालीस. चर्चच्या आवारात, चार बायकांदेखत, मी ती पाटी धरून ठेवली. "बाबा गेलेत, आणि तू उपकार मानायला आलीस? लाज कशी वाटत नाही तुला?" तू मारशील असंच मला वाटलं. तू पाटी हळूच सोडवून घेतलीस. "ते गेले त्याचे न्हाई मानत गं. ते आपल्याला व्हते, त्याचे मानते. त्ये बी न्हाई मानलं तर माझ्यापाशी निस्तं रडणंच ऱ्हाईल." आणि आत गेलीस. मी पायरीवर बसून राहिले. गाताना तू नेहमी पेटीच्या थोडी पुढं पळायचीस, त्या दिवशीही पळत होतीस. मला त्या आवाजाचा भयंकर राग आला. आज तो एकदा ऐकायला मिळावा म्हणून मी काय वाटेल ते करीन.

त्यानंतर मी प्रार्थना सोडली. पुण्याला शिकले, नोकरीला लागले. सुट्टीत घरी आले की जेवणाआधी तू डोळे मिटायचीस आणि मी ताटाकडे बघत बसायचे. तू कधी बोलून दाखवलं नाहीस. मग तुला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी रजा टाकून आले. पहिल्याच संध्याकाळी तू डाव्या हातानं माझा हात धरतेस, डोळे मिटतेस आणि वाट बघत राहतेस. तुझ्या वतीनं मी म्हणायचंय. "देवा, जेवणाबद्दल उपकार." तू मान हलवतेस, नाही. "औषधाबद्दल?" नाही. "शेजारच्या काकूंनी भाकरी दिली, त्याबद्दल?" तेही नाही. मी वैतागते. "मग कशाबद्दल, आई?" तू डोळे उघडून माझ्या छातीवर बोट टेकवतेस. मला कळत नाही. तू पुन्हा टेकवतेस. "माझ्याबद्दल?" तू हसतेस, अर्ध्याच तोंडानं, पण इतकी खूश होऊन की मलाही हसू येतं आणि मग रडू. "प्रभू, ह्या पोरीबद्दल उपकार," मी म्हणते. स्वतःबद्दल असं म्हणताना किती लाज वाटते, ठाऊक आहे तुला?

पुढचे चार महिने रोज तेच. तू बोट दाखवायचीस, मी म्हणायचे. उंबऱ्यापर्यंत आलेलं ऊन. दारात आलेली कुणाची तरी कोंबडी. एकदा तुझी तुला कूस बदलता आली, त्या दिवशी तर आपण दोनदा उपकार मानले. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात अवघड दिवस, आणि तेव्हाइतकी आनंदात मी कधीच नव्हते. दुसऱ्या कुणाला हे विचित्र वाटेल.

आता चर्चच्या मंडळीत, देवानं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला उभी राहिले की मी सांगते, आई माझी प्रार्थना ऐकत ऐकत गेली. तसं झालं नव्हतं. त्या दुपारी तू माझा हात धरलास तेव्हा मी चादरी धुऊन दमले होते. "जरा पडते, मग म्हणू," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. उठले तेव्हा तू गेली होतीस. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून इथं लिहिते. येत्या रविवारी पुन्हा मलाच बोलायला सांगितलंय, आणि मी पुन्हा तेच खोटं सांगणार आहे.