कोंडीचा दोर

१४ नोव्हेंबर १९८३

झाडं कापायचं मशीन पुन्हा बसलं. कडावच्या आंब्यात साखळी अडकलेली आणि वर धूर! उरलेलं झाड जैतूने कुऱ्हाडीने पाडलं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने हे मशीन एकदा ओढून चालू करून दाखवावं.

१६ नोव्हेंबर

कर्जतला पोपट मेस्त्रीकडे नेलं. म्हणाला, रिंगा बदलू, लांब पट्टी चढवू, मोठा बुंधाही कापेल. नाहीतर नवं घ्या — वजन कमी, आवाज निम्मा. दोन्हीकडून बोलतो हा.

१७ नोव्हेंबर

अजून विचार चालूच.

१९ नोव्हेंबर

वखारीवर जैतूला विचारलं, जुनंच दुरुस्त करू की नवं घेऊ? चालवणारा तो. नुसता हसला. उत्तर त्याच्या बायकोने, कोंडीने दिलं, नेहमीप्रमाणे. "मशीन कोनतंबी घ्या शेट, दोर माज्याच हातान ऱ्हाऊ दे."

हा दोर म्हणजे एक प्रकरणच आहे. मशीनच्या आवाजात झाड कडाडलेलं कापणाऱ्याला कळत नाही. म्हणून जैतूच्या कमरेला दोर, आणि दुसरं टोक लांब उभ्या कोंडीच्या हातात. तिची नजर शेंड्यावर. शेंडा हलला की ती हिसका देते, हा मशीन टाकून पळतो. नवरा-बायकोने आपली आपणच काढलेली रीत. कडावचे लोक हसतात — बैलाला कासरा ऐकला होता, नवऱ्याला पहिल्यांदाच पाहिला! मीही हसतो. पण एक माणूस दिवसभर नुसता उभा, हे मला परवडत नाही.

२२ नोव्हेंबर

ठरलं. नवंच! लांब पट्टी लावून जुन्याचा आवाज थोडाच कमी होणार? नव्यावर जैतूला झाड ऐकू येईल. दोर बंद, कोंडी फांद्या तोडायला मोकळी. एका दगडात दोन पक्षी. उगाच इतके दिवस घोळ घातला.

कोंडीला सांगितलं तर ऐकेना. माझ्यापुढे पहिल्यांदाच आवाज चढवला तिने. मलाही राग आला. म्हटलं, दोर दिसला तर दुसरा कापणारा बघेन.

२७ नोव्हेंबर

नवं मशीन आलं. खरंच हलकं आहे. जुनं पोपटने भंगारात घेतलं.

१ डिसेंबर

कशेळ्याच्या रस्त्याकडेचा आंबा. नव्या मशीनचं पहिलं झाड. दोर नाही. बुंधा बराच कापून झाल्यावर जैतूने मशीन बंद केलं आणि साखळी बघायला तिथेच वाकला. सगळं शांत. तेवढ्यात झाड कडाडलं. मी रस्त्यावर होतो, मला ऐकू आलं. ओरडलो. हा वाकलेलाच! कोंडी फांद्या टाकून धावली आणि सदऱ्याला धरून त्याला ओढलं. तो वाकला होता तिथेच आंबा आडवा झाला.

लक्ष कुठे होतं म्हणून त्याला वाटेल तसं बोललो. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि हसला.

२ डिसेंबर

सकाळी कोंडी एकटी आली. जैतूला दोन पावसाळे झाले, काहीच ऐकू येत नाही. जुन्या मशीनने कान गेले. काम जाईल म्हणून बोलली नाही.

रडली नाही. फक्त विचारलं, "दोर बांधू ना, शेट?"

कर्जतला जाऊन आणला. नवा.