शंभरात सत्त्याण्णव

३ फेब्रुवारी, मंगळवार
इथून गेलेल्या ताईंचा प्रयोग पुन्हा केला, तिसऱ्यांदा तेच. शंभर रेणूंत पंचावन्न उजवे, बाकी डावे, म्हणजे त्यांचीच आरशातली रूपं. ताईंच्या पेपरात सत्त्याण्णव उजवे आहेत! दुसऱ्या एका प्रयोगशाळेचंही पत्र आलंय — तुमचा आकडा आमच्याकडे येत नाही.
सर म्हणाले, "नोकरीसाठी मी तिची शिफारस करतोय. हे खोटं असेल तर पत्र कुठल्या तोंडाने पाठवू?"

६ फेब्रुवारी
सगळं मुळापासून केलं. इरिडियम धातूचा अणू खेकड्याच्या नांगीसारख्या रेणूत तीन बाजूंनी पकडायचा. नांगीच्या एका अंगाला मुद्दाम अडथळा, म्हणजे पुढचा रेणू एकाच हाताचा बनावा. हवा लागली की मातेरं! दोन दिवस हवाबंद ग्लोव्हबॉक्समध्ये हात घालून मनगटं आखडली. पण उत्प्रेरकाची भुकटी सुरेख, नारिंगी.

७ फेब्रुवारी
छप्पन्न.

९ फेब्रुवारी, सोमवार
ताईंनी आकडा बसवला की काय? लिहितानाही कसंतरी होतंय. मी नवीन असताना याच बाईंनी मला सुई धरायला शिकवली.
शेवटी दुपारी फोन केला. आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. ताई जराही रागावल्या नाहीत.
"अभिक्रिया किती वेळ चालवतेस?"
"पेपरात आहे तेवढाच. सोळा तास."
"सोळा? अगं, माझे बाबा अंथरुणावर होते. चारला मी निघायचेच. दुपारी बाराला लावायची, निघताना बंद करायची. तुम्ही पोरं मला 'चारची ताई' म्हणायचात ना?"
म्हणायचो. मीसुद्धा. त्यांना माहीत होतं हे मला माहीत नव्हतं.

१० फेब्रुवारी
चार तासांनी थांबवली. सत्त्याण्णव!!
आता उलगडलं. काम संपलं तरी भुकटी स्वस्थ बसत नाही. तयार झालेला माल परत मोडते, परत बनवते, आणि त्यात उजवे-डावे मिसळत जातात. आम्ही रात्रभर ठेवून आपल्या हाताने नासवत होतो.
सरांनी कागदावरचा आकडा दोनदा तपासला. मग म्हणाले, "शिफारस आजच पाठवतो. पण तिने सोळा का लिहिलं? लवकर जाते हे लपवायला?"
मी मान डोलावली. तेवढं खरं वाटलं मला.

११ फेब्रुवारी
पेपरात दुरुस्ती छापायची, म्हणून जुना मसुदा शोधला. पेपर पाठवायच्या आठवड्यात ताई वडिलांजवळ इस्पितळात होत्या. पेपरातला तक्ता दुसऱ्याच कुणी टाइप करून सरांना मेल केला होता — "ताईंच्या वहीत वेळ लिहिलेली नाही. आपण सगळे ठेवतो तसे सोळा तास घातलेत. चालेल ना?" खाली सरांचं एक शब्दाचं उत्तर, "ठीक."
पाठवणारी मी.
सरांपुढे मेल ठेवली. ताईंना हे फोनवर सांगण्यासारखं नाही. उद्या सकाळच्या पहिल्या बसने आम्ही दोघं त्यांच्याकडे जातोय.