चातुर्मासात थांबलेला मीटर

प्रति,
मे. जनरल मॅनेजर साहेब,
वेदगंगा लाइटिंग कंपनी लिमिटेड,
मुख्य कचेरी, बेळगाव.

अर्जदार: कु. ब्राह्मी रायगोंडा मगदूम, बी. एस्सी., बसदीमागील गल्ली, निपाणी, तालुका चिकोडी.

विषय: कै. पद्मावती रायगोंडा मगदूम, ग्राहक नंबर ८८, यांच्या नावापुढील 'वीजचोरी' हा शेरा काढून टाकण्याबद्दल.

संदर्भ: निपाणी शाखेची नोटीस, ता. १२ ऑगस्ट १९३८. माझे शाखेकडील तीन अर्ज. शाखेचे शेवटचे पत्र, ता. २८ सप्टेंबर १९३८.

महोदय,

१. गेल्या ९ ऑगस्टला आपल्या निपाणी शाखेचे इन्स्पेक्टर श्री. चिंतामणी सबनीस यांनी आमच्या घराची तपासणी केली. त्या वेळी घरात पुढील वस्तू होत्या. सोप्यात पंचवीस वॅटचा एक दिवा, स्वयंपाकघरात तेवढाच एक, माझ्या अभ्यासाच्या खोलीत चाळीस वॅटचा एक. बटणे तीन. मीटर एक, त्यावर कंपनीचे शिशाचे दोन सील, दोन्ही शाबूत. कंदील नाही. चिमणी नाही. रॉकेलची बाटली नाही. चुलीसाठी काड्यापेटी एक. माणसे दोन, माझी आई आणि मी.

ही यादी श्री. सबनीस यांनीच केली व तिच्यावर माझी सही घेतली. यादी बरोबर आहे. तिच्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चूक आहे.

२. निष्कर्ष असा. ११ जुलैला मीटरचा आकडा २१४.३६ होता व ९ ऑगस्टलाही तोच होता. मागची वह्या-पुस्तके पाहता १९३६ आणि १९३७ च्या पावसाळ्यातही आकडा चार चार महिने हललेला नाही. इतके दिवस कोणी माणूस अंधारात राहत नाही. घरात रॉकेल नाही, म्हणजे दिवे विजेचेच लागतात. आणि आकडा हलत नाही, म्हणजे मीटर थांबवला जातो. यास नोटिशीत 'मीटरमध्ये फेरफार करून वीजचोरी' असे म्हटले आहे.

मी पदार्थविज्ञान शिकले आहे. श्री. सबनीस यांच्या विचाराची मांडणी मला चुकीची वाटत नाही. त्यातले पहिले गृहीतक, की कोणी माणूस अंधारात राहत नाही, एवढेच तपासायचे राहिले होते. त्यांनी ते शेजारी तपासले असते तरी पुरते.

३. आम्ही जैन आहोत. दिव्यावर पावसाळ्यात किडे येतात व मरतात, म्हणून माझ्या आईचा नियम होता की आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत घरात रात्री दिवा लावायचा नाही. विजेचा नाही, तेलाचाही नाही. सूर्य मावळण्यापूर्वी आमचे जेवण होते. त्यानंतर पाणीही घ्यायचे नसते, त्यामुळे उठण्याचे कारण पडत नाही. १९३६ साली माझ्या कॉलेजच्या अभ्यासासाठी कनेक्शन घेतले तेव्हा आईने एवढीच अट घातली होती. आठ महिने तू वाच, चार महिने त्यांना जगू दे, असे ती म्हणाली होती. मी चातुर्मासात दिवसाउजेडी वाचत असे, आणि पास झाले.

आमच्या समाजातही सगळेच हा नियम इतका कडक पाळत नाहीत. म्हणून परक्या माणसाला तो खरा वाटू नये, यात मला नवल वाटत नाही.

शाखेचे पूर्वीचे मीटर वाचणारे गुंडू यांना हे ठाऊक होते. ते पावसाळ्यात दाराबाहेरूनच विचारत, "आक्का, आकडा झोपलाय न्हवं?" आणि हसून किमान बिलाचा कागद देऊन जात. ते बिल दर महिन्यास भरलेले आहे. पावत्या सोबत आहेत.

४. तपासणीच्या दिवशी शेजारच्या मालुबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी श्री. सबनीस यांना जे सांगितले ते नोंदीत घेतलेले नाही, म्हणून येथे लिहिते. त्या म्हणाल्या, "साहेब, पावसाळ्यात ह्यांच्या घरात उजेड दिसला तर आमीच धावत येऊ, काय झालं म्हणून. अंधार हाय तवर सगळं बरं हाय." श्री. सबनीस म्हणाले, "बाई, तुमी गप बसा. तुमच्या घराला कनेक्शन न्हाय." मालुबाईंच्या घराला कनेक्शन नाही हे खरे आहे.

५. नोटीस केवळ घरी आली असती तर आईने ती सोसली असती असे मला वाटते. परंतु शाखेने चोरीबद्दलच्या ग्राहकांची यादी कचेरीच्या ओसरीत फळ्यावर लावली. ती बाजाराच्या दिवशी लागली. यादीत एकच नाव होते.

आमच्या धर्मात चोरी न करणे हे व्रत आहे, जसे हिंसा न करणे हे आहे. आईला लिहिता वाचता मराठी येत होते, कानडीही येत होती. तिने फळा स्वतः जाऊन वाचला व घरी येऊन मला सांगितले, "नाव बरोबर लिवलंय. गावाचं बी बरोबर हाय." त्या दिवसानंतर ती बसदीत, म्हणजे आमच्या मंदिरात, मागच्या खांबापाशी बसू लागली. भाद्रपदात दशलक्षण पर्व आले, तेव्हा दहा दिवसांत ती एकदाही गेली नाही. बायका जे बोलत ते मी ऐकले आहे: "दिवा लावत न्हाय म्हणं. फुकटची लाईट असल्यावर कशाला दाखवून लावंल?" हे बोलणाऱ्या बाईंचे नाव लिहीत नाही. त्यांनी आपल्या कचेरीचा फळा वाचून तर्क केला होता.

६. नोटिशीत मागितलेली भरपाईची रक्कम भरण्यास आम्ही पहिल्या दिवसापासून तयार होतो. आई म्हणाली, "पैसं दे, पर त्यो शब्द खोडून आण." शाखेत चौकशी करता कळले की भरपाईच्या पावतीवर 'चोरीबद्दल वसूल' असे छापलेले असते व पैसे भरणे म्हणजे चोरी कबूल करणे होय. सबब पैसे भरले नाहीत.

शब्द खोडण्याचा एकच मार्ग शाखेने सांगितला. ग्राहकाने इन्स्पेक्टरसमक्ष घरातील सर्व दिवे एक पूर्ण रात्र लावावेत. मीटर बरोबर फिरला तर आरोप मागे घेता येईल.

७. आईने नकार दिला. ती म्हणाली, "माझ्या नावासाठी जीव मारू नगंस गं."

मग मी इतर मार्ग सुचवले. त्यांची उत्तरे आपल्या माहितीसाठी देते.

चाचणी दिवसा घ्यावी, कारण दिवसा दिव्यावर किडे येत नाहीत. उत्तर: कंपनीचे इंजिन संध्याकाळी सहा ते सकाळी सहा एवढेच चालते.

चाचणी कार्तिकी पौर्णिमेनंतर, म्हणजे ७ नोव्हेंबरनंतर घ्यावी. उत्तर: मुदत ३० सप्टेंबर अखेर आहे, त्यानंतर शेरा कायम होऊन प्रकरण बंद होईल.

दिव्यांऐवजी विजेची इस्त्री लावावी. तिने मीटर फिरतो व उजेड पडत नाही. उत्तर: आपले कनेक्शन दिव्यांचे आहे, इस्त्री लावल्यास तो दुसरा गुन्हा होईल.

दिवे पत्र्याच्या डब्यात ठेवून डबे बंद करावेत. श्री. सबनीस म्हणाले, "डबा झाकल्यावर आत दिवा लागलाय का न्हाय, मी कसं सांगू?" मी म्हणाले, मीटर सांगेल. ते म्हणाले, मीटरवरच तर संशय आहे.

मीटर काढून कंपनीच्या इंजिनघरात तपासावा. उत्तर: प्रकरण मिटेपर्यंत मीटर जागचा हलवता येत नाही.

दारेखिडक्यांना मलमल लावून पाहण्याचे मी स्वतः ठरवले होते. पण आमचे घर कौलारू आहे, आणि कौलांखालून वारा येतो तेथून किडेही येतात.

प्रत्येक उत्तर मी घरी जाऊन आईला सांगत असे. ती रोज दुपारी विचारी, "आला का गं कागद?" नंतर नंतर ती फक्त माझ्या हाताकडे बघत असे.

८. पर्व संपल्यावर, ९ सप्टेंबरपासून, आईला ताप येऊ लागला. डॉक्टर दिवस असेपर्यंत येऊन जात. एकदा त्यांना उशीर झाला, तेव्हा त्यांनी दिवा लावण्यास सांगितले. आईने मान हलवली, आणि त्यांनी खिडकीशी नेऊन उरलेल्या उजेडात तिची जीभ पाहिली.

१४ सप्टेंबरला पहाटे ती वारली. कोणत्या वेळी, ते मला लिहिता येत नाही. मी तिच्याजवळ होते व तिचा हात माझ्या हातात होता, परंतु घरात दिवा नव्हता आणि घड्याळ दिसत नव्हते. उजाडले तेव्हा हात गार होता. म्युनिसिपालटीच्या दाखल्यात मी अंदाजाने पहाटे पाच लिहिले आहे.

त्या रात्रीही आमच्या मीटरचा आकडा २१४.३६ होता. ही गोष्ट मी आपणापुढे पुरावा म्हणून ठेवते. माझ्याजवळ याहून मोठा पुरावा नाही.

नोटिशीमुळे माझी आई गेली असे मी म्हणत नाही. तापाचे कारण निराळे होते. नोटीस आली नसती तर ती वाचली असती का, हे मोजण्याचे कोणतेही साधन मला शिकवलेले नाही, आणि जे मोजता येत नाही त्याबद्दल कंपनीवर आरोप करणे मला योग्य वाटत नाही.

९. २० सप्टेंबरला मी शाखेत मृत्यूचा दाखला दिला व विचारले की आता त्या शेऱ्याचे काय होईल. क्लार्कांनी सहानुभूतीने सांगितले की ग्राहक मयत झाल्यास शेरा आपोआप जात नाही; तो त्यांच्या नावाने कायम वहीत राहतो. चाचणी मात्र वारसास करता येईल. मुदत ३० तारीख.

मी दोन दिवस विचार केला. ती असती तर तिने मला परवानगी दिली नसती, हे मला ठाऊक आहे. तिच्या नियमाप्रमाणे वागावे तर ती चोर ठरते. तिचे नाव सोडवावे तर तिचा नियम मोडतो, आणि तोही तिच्या घरात, तिच्याच मुलीच्या हाताने. याविषयी मी कोणाचा सल्ला घेतला नाही. मालुबाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला काय वाटंल ते कर. मी दार लावून घेती." त्यांनी त्या रात्री खरोखर दार लावून घेतले.

१०. २७ सप्टेंबरला संध्याकाळी सहा वाजता श्री. सबनीस यांच्यासमक्ष मी तिन्ही दिवे लावले. ते सकाळी सहापर्यंत लागलेले होते. एकूण नव्वद वॅट, बारा तास, म्हणजे हिशोबाने १.०८ युनिट व्हावयास पाहिजे. मीटरवर फरक १.०७ आला. ही चूक शेकडा एकाहून कमी आहे व मीटर निर्दोष मानण्यास कोणत्याही प्रयोगशाळेत पुरेशी आहे. श्री. सबनीस यांनी आकड्यांवर सही केली. ते रात्रभर सोप्यात खुर्चीवर बसून होते आणि माझ्याशी सभ्यपणे वागले, हे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजते. पहाटे त्यांनी आपला कोट झटकला व मला म्हणाले, "एवढे येतात हे ठाऊक नव्हतं, ताई."

११. २८ तारखेस शाखेचे पत्र आले. त्यात म्हटले आहे की, सदर चाचणीने मीटर २७ सप्टेंबर रोजी चालत होता हे सिद्ध होते. तो जुलै-ऑगस्टमध्ये चालत होता हे सिद्ध होत नाही. सबब शेरा कायम ठेवण्यात येत आहे.

महोदय, मीटर तोच आहे, त्याचा नंबर तोच आहे, सील शाबूत आहेत. ११ जुलैचा आकडा २१४.३६ आणि चाचणीपूर्वी २७ सप्टेंबरच्या संध्याकाळचा आकडाही २१४.३६. मधल्या काळात त्याला कोणी हात लावलेला नाही, हे आपल्याच इन्स्पेक्टरांनी लिहून दिले आहे. जो मीटर दिवे लावताच बरोबर फिरला, तो आधी फिरला नाही याचे कारण दिवे लागले नव्हते एवढेच असू शकते. जुलै महिन्याची चाचणी सप्टेंबरमध्ये घेणे मला शक्य नाही. कोणासही शक्य नाही.

१२. विनंती पुढीलप्रमाणे. ग्राहक नंबर ८८ पुढील 'वीजचोरी' हा शब्द वहीतून काढावा. तो काढल्याचा कागद, आपल्या सहीने, निपाणी शाखेच्या ओसरीतील फळ्यावर बाजाराच्या दिवशी लावावा. पूर्वीची यादी जितके दिवस होती तितके दिवस तो राहावा. भरपाईची रक्कम, तिच्या पावतीवर दुसरा कोणताही मजकूर असल्यास, मी त्याच दिवशी भरेन. त्यानंतर आमचे कनेक्शन तोडून तारा व मीटर घेऊन जावेत. माझी परीक्षा झालेली आहे.

मुदत आज संपते. हा अर्ज आपल्या टेबलावर येईल तेव्हा ती संपून गेलेली असेल, याची मला जाणीव आहे. तरीही हा अर्ज मुदतीच्या आत टपालात पडला, ही गोष्ट शिक्क्यावरून आपणास पाहता येईल.

आपल्या निकालाची वाट पाहणारी,
कु. ब्राह्मी रायगोंडा मगदूम
निपाणी, ता. ३० सप्टेंबर १९३८

सोबत:

१. किमान बिलाच्या पावत्या, जुलै १९३६ पासून.

२. ९ ऑगस्टच्या तपासणीच्या यादीची नक्कल.

३. म्युनिसिपालटीचा मृत्यूचा दाखला.

४. २७ सप्टेंबरच्या चाचणीचा तक्ता, श्री. सबनीस यांच्या सहीसह. तक्त्याची शेवटची ओळ त्यांनी 'अनावश्यक' म्हणून गाळण्यास सांगितली होती, ती येथे लिहिते. सकाळी सव्वासहा वाजता तिन्ही दिव्यांखाली मिळून मेलेले किडे, मोजून, सहाशे बेचाळीस.