मी ऐकलं नाही ते वाक्य

१५ जून, शनिवार

हनोख लग्न करतोय! अठ्ठावन्नाव्या वर्षी! मनुकांचं सरबत पिता पिता सांगितलं – 'ताई, सव्वीसला रजिस्टर करतोय. तेजश्रीशी.' दवाखान्यातली नर्स. बौद्ध आहे, विधवा आहे. मला विचारलं नाही, कळवलं!

आई गेल्यावर या धाकट्या भावाचे डबे मी भरले. माझं लग्न राहिलं ते राहिलंच. सोलापुरात आपले म्हणावेत असे ज्यू आता आम्ही दोघंच. दर शनिवारी तो होटगीहून येतो, त्या आठवड्याचा तोराचा भाग, म्हणजे पराशा, वाचतो. मग 'मला काय मिळालं' ते दोघांनी सांगायचं. बाबांचा नियम – शिकवण स्वतःवर घ्यायची, दुसऱ्यावर ढकलायची नाही.

आजच्या पराशात, नवऱ्याला जिचा संशय आलाय अशा बायकोची परीक्षा होती. मी म्हटलं, 'बघ, देवसुद्धा सावध करतोय तुला.' तर म्हणतो, 'त्याच पराशात आशीर्वाद पण आहे की, ताई.'

आला मोठा आशीर्वादवाला!

१८ जून, मंगळवार

ठाण्याला चुलतबहीण रिव्काला फोन केला. मनसोक्त बोलले. 'नवरा मरत होता तरी ही बाई ड्युटी सोडून आली नाही,' असंही म्हटलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. तोंडातून गेलं. जाऊ दे, बरं वाटलं.

२२ जून, शनिवार

मुद्दाम! मुद्दाम वाचलं त्यानं!

मिर्याम आपल्या भावाला, मोशेला, नावं ठेवते. कशावरून? त्यानं परक्या, कूश देशाच्या बाईशी लग्न केलं म्हणून! आणि तिच्या अंगावर पांढरं कोड उठतं. सात दिवस छावणीबाहेर काढतात तिला.

मी ओरडले, 'हेच बरं सापडलं तुला!' तो म्हणाला, 'मी निवडतो का ताई? या आठवड्याला हेच येतं. दरवर्षी येतं.' मग पुस्तकावर बोट तसंच ठेवून म्हणाला, 'रिव्कानं घरच्या ग्रुपवर टाकलंय तू बोललीस ते. तेजश्रीनं वाचलं. तिचा नवरा तिच्या मांडीवर गेला, ताई.'

मी पुस्तक ओढून मिटलं. 'पुढचं ऐक तरी,' म्हणाला. नाही ऐकायचं! जा म्हटलं तिच्याकडेच! गेला. सरबत तसंच राहिलं.

२३ जून

आपलं ज्यू पंचांग काढून पाहिलं. या आठवड्याला तोच पराशा होता. तरीही राग जात नाही. आता कुणावर आहे तेही कळत नाही.

२६ जून, बुधवार

आज सह्या झाल्या असतील. एक फोन नाही! हार घातले असतील, पेढे वाटले असतील. बहीण मेली असंच सांगितलं असेल रजिस्टर ऑफिसातल्या साहेबाला. नको येऊ म्हणावं आता. दोघांनी मिळून वाचा पराशे!

मग शनिवारी मी कुणासमोर बसू?

२७ जून

फोन नाही. शनिवारच्या सरबताच्या मनुका भिजत घातल्या नाहीत.

२८ जून, शुक्रवार

दिवा लावायच्या आधी दार वाजलं. तेजश्री. एकटीच, ड्युटीवरून तशीच आलेली. मी आत ये म्हटलं नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलली, 'ताई, बुधवारी आमी गेलोच न्हाई. हे तयार होऊन बसले होते, मीच नको म्हनले. तुमी रागावून घरात बसायचं आणि आमी तिकडं सह्या करायच्या व्हय? तुमी येईपर्यंत थांबतो की आमी.'

मी बोलले होते त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

तिला आत घेऊन खुर्ची दिली. मग शनिवारी मिटलेलं पुस्तक मी उघडलं. पुढचीच ओळ होती – मिर्यामला परत आत घेईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही.

रिव्काला फोन लावला. तेजश्रीसमोरच.

'मी खोटं बोलले होते,' म्हटलं. 'ग्रुपवर टाक.'