सोयाबीनचं मटण

३ जुलै १९८८

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर म्हणजे कोंबडी नाचलीय नुसती. उजवा हात प्लास्टरमध्ये. मागच्या अंगणात शेवाळावरून पाय सरकला, हात टेकला — आणि कट्टकन आवाज. एवढ्याशा पडण्याने! लहानपणी चिंचेवरून पडले होते तेव्हा खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

बोईसरच्या डॉक्टरांनी वय विचारलं. एकोणपन्नास. पाळी? गेली दोन वर्षांपूर्वी. मग म्हणाले, "त्यानंतर बायकांची हाडं विरळ होतात. दूध घ्या, नाचणी खा, मांदेलीसारखे छोटे मासे काट्यासकट खा." मी म्हटलं, मासे सोडलेत. "चिंचणीत, समुद्राकाठी राहून?" म्हणाले आणि हसले.

८ जुलै

आईंनी — सासूबाईंनी — भात कालवून भरवला. त्यांची पाठ इतकी वाकलीय की माझ्या तोंडाकडे बघायला मान तिरकी करावी लागते. मी लग्न होऊन आले तेव्हा डोक्यावर दोन हंडे घेऊन ताठ चालायच्या. आता ती पाठ बघते आणि मला माझीच दिसते. मूलबाळ नाही, हे गेले. मी वाकले तर मला कोण भरवणार? भीती वाटते. लिहूनच टाकते.

९ जुलै

अंगातून वाफा निघतात. पंखा लावला की आई कुडकुडतात. लावला, बंद केला, परत लावला. दोघींचे हाल.

१५ जुलै

चंपावहिनी समोर राहतात. आज त्यांनी सुके बोंबील भाजले. मी दार लावून घेतलं.

चार वर्षं झाली. ह्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. जमलेल्यांनी काय काय कबूल केलं — म्हातारीला सांभाळू, चिकूची झाडं विकणार नाही. कावळा आपला माडावर ढिम्म. शेवटी आईच ओरडल्या, "दिनू, तुजी बायको मासे-मटन सोडल रे!" आणि आला की मेला! बोलल्या त्या, सोडले मी. त्यांनी स्वतः सासरे गेल्यावर सोडलेलेच होते, त्यामुळे मी तरी कुठल्या तोंडाने बोलणार? पण राग येतो कधीकधी. वास आला की जास्तच.

२ ऑगस्ट

बोईसरहून धाकटी बहीण सुलू आली. पिशवीत सोयाबीनच्या वड्या. तिच्या चाळीत देवासची एक शुक्लाभाभी आहे, तिने दिल्या. "दीदी को बोलो, हड्डी के लिए अच्छा है." गरम पाण्यात भिजवायच्या, पिळायच्या, मग रस्सा. एका हाताने पिळल्या. चव — चपलेचा तळवा. सुलू म्हणाली, "ताई, मसाल्यात कंजुषी केलीस." स्वतः मात्र दोन घासांत उठली.

१४ ऑगस्ट

प्लास्टर काढलं. हात शेवग्याच्या शेंगेसारखा. डॉक्टरांना सोयाबीनचं विचारलं. "हाडं त्याने जुळतात असं मी म्हणणार नाही. पण कडधान्यच ते, अंगाला लागेल. खा. दूध सोडू नका, चालत जा." माणूस बरा आहे. उगाच आशा लावत नाही.

१९ ऑगस्ट

आज जमलं. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण, गरम मसाला, लसूण सढळ हाताने. तपकिरी वड्या, वर लाल तवंग. चंपावहिनी विळी मागायला आल्या. पातेल्यात डोकावल्या. काही न बोलता विळी घेऊन गेल्या. त्या बाईचं न बोलणं मला कधीच आवडलेलं नाही.

२६ ऑगस्ट

गावभर झालं! नवापूरची जमना मासळीची टोपली घेऊन चंपावहिनींकडे येते, जाताना माझ्या दारात थांबली. "मंगलाबाय, मटन खातं म्हनं तू? मंग माजं मासं का नाय चालत?" मी तिला वडी दाखवली. तिने हुंगली. "ह्ये काय गुरांचं खानं हाय?" तिला पटलं. तिला पटून काय उपयोग?

घरात येऊन आईंना म्हटलं, कडधान्यच आहे हो ते, सोयाबीन. त्यांनी "बरं" म्हटलं आणि आपलं ताट उचलून मागच्या पडवीत जाऊन बसल्या.

३१ ऑगस्ट

आजही पडवीतच जेवल्या. सहावा दिवस. सत्तावीस वर्षं एका घरात काढली, एक भांडण सरळ करता येत नाही ह्या बाईंना. ओरडा, शिव्या द्या. हे असं पाठ करून बसणं माझ्याच्याने बघवत नाही.

१२ सप्टेंबर

चंपावहिनींच्या गणपतीचे मोदक दरवर्षी मी वळते. आज निरोप आला — "हात दुखत असेल तुझा, ह्या वर्षी राहू दे." हात बरा आहे हे त्यांना ठाऊक आहे. कालच त्यांच्यासमोर विहिरीवरून कळशी आणली.

रडले. उरलेल्या वड्या उकिरड्यावर टाकणार होते. मग आई चहाचा कप उचलायला वाकल्या, आणखी वाकल्या, आणि मी पिशवी परत फडताळात ठेवली. लोकांची तोंडं काय, आज ना उद्या बंद होतील. मोडलेली पाठ सरळ होत नाही.

२० सप्टेंबर

आईंना ओरडून बोलले. "मी मटण खात नाही! तुम्ही घातलेली शपथ मी मोडली नाही!" त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "जमना कदी येनार हाय?"



२३ सप्टेंबर

विहिरीवरून आले तर घरात तळणीचा वास. आमच्या घरात! चुलीपाशी आई. तव्यावर मांदेली.

"बस," म्हणाल्या. "काट्यासकट खा. तुज्यापुढं बसले तर घास उतरनार नाय तुला, म्हनून पडवीत बसत होते. मना वाटलं, खाऊ दे पोरीला मटन."

मी म्हटलं, आणि ह्यांना दिलेला शब्द?

"शब्द माजा. पोर माजा. मी बगते त्याच्याकडं." त्यांनी मांदेली उलटली. "दुपार कलली होती, मंगला. त्या कावळ्याला भूक लागली होती."

मग स्वतःचं ताट माझ्या ताटाला लावलं. "मनाही दोन वाढ."